७३९३९१३३ आणि माझी धाकटी जाऊ

संपादकांनी फोनवर दोन अटी घातल्या. शिकवणीच्या धंद्यातले अनुभव लिहा ही पहिली, आणि दिवाळी आहे तेव्हा कडवट लिहू नका ही दुसरी. पहिली अट मान्य. दुसरीची हमी देता येत नाही. मी अमरावतीत जन्मभर गणिताच्या शिकवण्या घेतल्या आणि त्यातला निम्मा काळ माझ्या धाकट्या जावेवर जळण्यात घालवला. जळणं वगळून लिहायचं तर लेख अर्धाच होईल, आणि तोही मिळमिळीत.

जाऊ म्हणजे सुमन. ती अकोल्याला, जठारपेठेत राहते. तीही गणिताच्याच शिकवण्या घेते. दोघी एकाच घरात दिलेल्या, दोघी बीएस्सी, दोघींच्या समोरच्या खोलीत फळा. नातेवाइकांना तुलना करायला आणखी काय पाहिजे? नातेवाइकांना कशाला नाव ठेवू, सगळ्यात जास्त तुलना मीच करायचे. माझे निकाल चांगले लागायचे आणि पोरं तिच्या पाया पडायला जायची. मला दिवाळीला मोबाइलवर पणतीचं चित्र यायचं, तिच्या दारात चपलांचा ढीग असायचा.

पण निकाल आणि चपला हे वरवरचं झालं. खरं दुखणं एकच, ते आधीच सांगून टाकते. माझी मुलगी ऋचा गणितात संशोधन करते, बंगळुरूला असते. तिनं एकदा तरी म्हणावं की गणित मी आईकडून शिकले, एवढीच माझी इच्छा. आणि ती जिथं तिथं सांगायची, मला काकूनं शिकवलं.

बाहेरच्या माणसासाठी आमचा धंदा थोडा समजावून सांगते. शिकवणीत आम्ही गणित विकत नाही, वेळ विकतो. स्कॉलरशिपची पोरं असोत, पोलीस भरतीची असोत की बँकेची, एका प्रश्नाला त्यांना मिनिटही धड मिळत नाही. तेवढ्यात भागाकार मांडून बसलात की गेलात. म्हणून आम्ही कसोट्या शिकवतो. शेवटचा अंक सम असला की संख्या दोनाने जाते. सगळ्या अंकांची बेरीज तीनाच्या पाढ्यात बसली की तीनाने जाते. एकाआड एक अंक घेऊन दोन बेरजा करायच्या, दोघींतला फरक शून्य आला किंवा अकराच्या पाढ्यातला आला की अकराने जाते. सातालाही कसोटी आहे, पण ती साताने भागण्याइतकीच कटकटीची. मी सांगायचे, सातासाठी सरळ भागा बाबांनो, लाजू नका.

आणि जिला एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय कोणीच भागत नाही ती मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. लहान असतात तोवर ओळखीच्या असतात. मोठी संख्या समोर आली की ती मूळ आहे की नाही हे नुसतं पाहून कळत नाही. तिच्या वर्गमुळापर्यंत जेवढ्या मूळ संख्या येतात त्या प्रत्येकीनं भागून पाहावं लागतं. कोणाचाच हात लागला नाही तर ती मूळ. हातानं करायचं तर हा शुद्ध हमालीचा उद्योग आहे आणि मला तो मनापासून आवडतो.

नवी बॅच सुरू झाली की पहिल्या दिवशीची माझी एक पद्धत होती. प्रत्येकानं घरचा मोबाइल नंबर फळ्यावर लिहायचा, पण नंबर म्हणून नाही, संख्या म्हणून. नऊ अब्ज अमुक कोटी तमुक लाख, असं वाचायचं. घरात जो रोज पाचपन्नास वेळा बोलला जातो तो नंबर एवढी मोठी संख्या आहे हे पोरांच्या लक्षातच आलेलं नसतं. मग ती संख्या सगळ्यांनी मिळून फोडायची. "मॅडम, आमच्या बाबाचा नंबर तीनानं जाते," असं एखादं पोट्टं ओरडलं की समजायचं, याची भीती गेली. बापाचा नंबर ज्यानं फोडला तो परीक्षेतल्या चार अंकी संख्येला काय घाबरणार.

ही पद्धत माझी. ठासून सांगते, कारण अकोल्यात ती सुमनची म्हणून चालते. एका दिवाळीत तिनं मला विचारलं होतं, "ताई, हे तुमचं मी आमच्याकडं केलं तर चालते का?" सख्ख्या जावेला नाही कसं म्हणणार? म्हटलं, कर. तिनं केलं, आणि वर स्वतःचं शेपूट जोडलं. माझ्या वर्गात संख्या फुटली की संपली, पुढची घ्या. ती म्हणे पोरांना विचारायची, "फुटली ते ठीक हाये, पण ही आणखी काय काय करू शकते थे पाहा." आणि पोरं आठवडाभर त्या एका संख्येच्या मागं. मला ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा. आठवडाभर एकाच संख्येवर. पालक फी कशाची देतात?

गणिताची बाई म्हटलं की गिऱ्हाईकंही नाना तऱ्हेची येतात. परतवाड्याचे एक सागवानाचे व्यापारी होते. त्यांना नव्या गाडीसाठी पसंतीचा नंबर घ्यायचा होता, आणि कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की अंकांची बेरीज नऊ आली की लक्ष्मी येते.

"बेरीज नऊ आली म्हणजे ती संख्या नवाने भागली जाते, बाकी काही होत नाही," मी सांगितलं.

त्यांनी विचारलं, "भागल्या जाते म्हंजे तिच्या वाटण्या होतात?"

"होतात ना. नऊ सारख्या."

"मंग राहू द्या. आमी तिघं भाऊ एकात आहो. मले असा नंबर द्या जो कोनालेच वाटता येत नाई."

मूळ संख्या मागत होते बिचारे. मी त्यांना चार अंकी एक छानशी शोधून दिली. पुढं ते तिघं भाऊ वेगळे व्हायचे ते झालेच, मात्र वाटणीत सगळ्यात मोठं भांडण त्या गाडीवरून झालं म्हणतात. तरी परतवाड्याहून माझ्याकडे नंबर विचारायला माणसं येतच राहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण असं गिऱ्हाईक सुमनकडे एकही नव्हतं.

आता ऋचाकडे येते. पिकतं तिथं विकत नाही, हे शिकवणीच्या घरात जितकं खरं तितकं कुठंच नसेल. ती माझ्याच वर्गात शेवटच्या ओळीत बसायची. हात चलाख होता, उत्तरं चटचट द्यायची, पण चेहरा असा की जणू कोणी एरंडेल पाजून बसवलंय. तास संपला की सगळ्यांच्या आधी बाहेर. दहावीची परीक्षा झाली आणि सुमन म्हणाली, सुट्टीभर पाठवा पोरीला अकोल्याला. मलाही भरतीच्या बॅचची गडबड होती. पाठवली.

जूनमध्ये परत आली ती बॅग दारात टाकून थेट फळ्यापाशी. मी टेबल पुसत होते. तिनं लिहिलं : ७३९३९१३३.

"आई, ही फोड."

असं कोणी म्हटलं की माझ्या अंगात संचारतं. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. शेवटी तीन, म्हणजे दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज अडतीस, तीन बाद. एकाआड एक बेरजा अठ्ठावीस आणि दहा, फरक अठरा, अकरा बाद. सातानं भागलं, बाकी दोन. तेरानं बाकी आठ. सतरानं बाकी तेरा. एकोणीस, तेवीस करत मी पुढं चालले होते.

"आई, आठ हजार सहाशेपर्यंत जावं लागेल तुला," ऋचा म्हणाली. "ती मूळ आहे. पण तेवढंच नाही. आता पाहा."

तिनं बोटानं शेवटचा तीन पुसला. राहिले ७३९३९१३. "हीपण मूळ." आणखी एक अंक पुसला. "हीपण." ७३९३९१, मग ७३९३९, मग ७३९३, ७३९, ७३. प्रत्येक वेळी म्हणत होती, हीपण, हीपण. शेवटी फळ्यावर नुसता सात राहिला, तोही मूळ. "उजवीकडून कितीही कमी कर, मूळच राहते. आणि आई, अशी याच्याहून मोठी संख्याच नाही. ही सगळ्यात शेवटची. हिच्यापुढं कोणताही अंक लावला की ती फुटते."

मी मनातल्या मनात लावून पाहिलं. सम अंक, शून्य आणि पाच तर विचारायलाच नको. एक लावला तर बेरीज एकोणचाळीस, तीनानं जाते. सात लावला तर पंचेचाळीस, तीनानं जाते. राहिले तीन आणि नऊ. ते दोघं कसोटीला दाद देत नाहीत, पण अखेर फुटतात. इतकी वर्षं संख्या फोडत आले आणि ही बाई मला भेटलीच नव्हती.

"हे काकूनं सांगितलं?"

"नाही. काकूनं फक्त विचारलं, साताच्या पुढं काय लावलं तर ती मूळ राहते? बाकी आम्हीच केलं."

जठारपेठेतल्या त्या खोलीत म्हणे पोरांनी फांद्या वाटून घेतल्या होत्या. साताच्या पुढं एक, तीन किंवा नऊ चालतो. कोणी एकाहत्तर घेतला, कोणी एकोणऐंशी, ऋचाच्या वाट्याला त्र्याहत्तर. ती सातशे एकोणचाळीसपर्यंत गेली आणि पुढं तिनं एक लावला. ७३९१. सगळ्यांनी तपासलं, अठरापर्यंत कोणी भागेना, झाली मूळ म्हणून टाळ्या वाजल्या, त्याच्यापुढचे अंक शोधायलाही लागले. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं एकोणीसचा पाढा लावला. एकोणीस गुणिले तीनशे एकोणनव्वद. सगळं पाडून पुन्हा सातशे एकोणचाळीसवर यावं लागलं. तिथून पुढं फक्त तीनच चालतो. पाच अंकांपर्यंत त्यांनी हातानं केलं आणि मग सुमनच्या घरच्या कॉम्प्युटरवर. हे सांगताना ऋचाचे हात हलत होते, शब्द एकमेकांवर चढत होते. त्या एकोणीसनं कसा घात केला हे सांगताना तर ती पोट धरून हसली.

गणिताच्या नावानं हसलेली माझी पोर मी पहिल्यांदा पाहत होते. आणि तिला हसवलं होतं सुमननं.

मी म्हटलं, "परीक्षेत येते का ही?"

ऋचानं डस्टर घेतलं आणि माझ्या तासासाठी फळा स्वच्छ करून दिला. वाचणारे म्हणतील, बाई, चुकलात तुम्ही. म्हणोत. माझ्याकडे त्या दिवशी भरतीची बॅच येणार होती. भाड्याच्या खोल्यांत चौघं चौघं मिळून राहणारी ती पोरं, त्यांना सात कोटींचं काय करायचं होतं? मला विचाराल तर तो प्रश्न आजही बरोबरच आहे. पण तो मी त्यांच्यासाठी विचारला नव्हता. जळफळाट झाला होता, तो कुठून तरी बाहेर येणारच होता.

त्यानंतर ऋचानं मला गणितातलं काही दाखवलं नाही. बारावी झाली, बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी. अडलं की फोन अकोल्याला. निकाल लागला की पहिला फोन अकोल्याला. तिच्या पीएचडीचे पेढे वाटले तेव्हा कोणीतरी विचारलं, गणिताची गोडी कोणामुळे लागली? "काकूमुळे," ती पटकन म्हणाली. सुमन लगबगीनं म्हणाली, "अहो पोरगी ताईंचीच हाये ना." हे आणखी वाईट. हरणाऱ्याला जिंकणाऱ्यानं पाट दिला म्हणजे त्याला बसावंही लागतं. मी हसून पेढ्याचं ताट पुढं केलं.

माझं जळणं किती खोल होतं याचा एक नमुना देते. माझा स्वतःचा मोबाइल नंबर अगदी ढिसाळ आहे. शेवटी सम अंक, म्हणजे दोनानं पहिल्याच फटक्यात गेला. उरलेला तीनानं जातो, त्यातून उरलेला अकरानं. येईल त्याला जागा देणारी धर्मशाळाच. सुमनचा नंबर कसा असेल, असं एकदा मनात आलं आणि मी तो घेऊन बसले. एक अख्खा मे महिना. तीसपर्यंतचे पाढे संपले, शंभराच्या आतल्या मूळ संख्या संपल्या, तीनशेच्या आतल्या संपल्या. कोणी भागेना. दहा अंकी संख्येचं वर्गमूळ लाखाच्या जवळ जातं, तिथवर मूळ संख्या नऊ हजारांहून जास्त. तरी मी रोज दुपारी पंख्याखाली वह्या भरत होते.

आमचे हे म्हणाले, "फोन करायचा असेल तर कर तिले. नुसता नंबरच काय खरडून राहिली?"

सुट्टीत ऋचा आली. तिनं माझा पसारा पाहिला, कोणाचा नंबर ते तिच्या लगेच लक्षात आलं, तिनं लॅपटॉपवर दोन-तीन ओळी लिहिल्या आणि सांगितलं, "मूळ आहे." आता मला सांगा, हा काय न्याय झाला? दुकानदारानं काउंटरवरून उचलून दिलेलं सिमकार्ड, त्यातही हिचं नशीब. 

गेल्या वर्षी मी शिकवणी बंद केली. पोरं मोबाइलवर शिकतात आता, कोणा एका सरांचा व्हिडिओ अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सगळे पाहतात. सुमनकडे मात्र अजून दोन बॅचा होत्या. त्याचंही दुखलंच, लपवत नाही. आणि या वर्षी भाऊजींचा, म्हणजे सुमनच्या नवऱ्याचा, फोन आला. सुमनच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरनं तिला काही दिवस पालथं पडून राहायला सांगितलं होतं, मान वर करायची नाही, वाचायचं नाही, खडूची धूळ तर अजिबात नको.

"वहिनी, पोट्ट्यांची परीक्षा तोंडावर आली. तुमी येता का?"

मी बसमध्ये बसले तेव्हा माझ्या मनात सेवाभाव होता असं कोणी समजू नये. मला तो वर्ग हवा होता. तिच्याच खोलीत, तिच्याच फळ्यावर, तिच्याच पोरांना दाखवायचं होतं की शिकवणं कशाला म्हणतात. ती आतल्या खोलीत पालथी पडून सगळं ऐकणार आहे हे माहीत होतं, त्यामुळे तर जास्तच.

पोरांनी पहिल्याच दिवशी माझी परीक्षा घेतली. नव्या माणसाला संख्या देऊन पाहायची तिथली रीत आहे. पुढच्या ओळीतली आर्या नावाची मुलगी उठली आणि तिनं लिहिलं, १०४०३. "मॅडम, ही मूळ आहे का?" मागं सगळे खुसखुसत होते. पाढे लावत शंभरापर्यंत जा, कोणी भागत नाही, माणूस थकून हो म्हणतो, असा तो सापळा.

मी खडूही उचलला नाही. "एकशे दोनचा वर्ग किती? दहा हजार चारशे चार. ही त्याच्यापेक्षा एकानं कमी. वर्गातून एक गेला की दोन अवयव पडतात, एकानं कमी आणि एकानं जास्त. एकशे एक गुणिले एकशे तीन. बसा."

वर्ग गार. असा गारवा कानाला किती गोड लागतो हे शिकवणीवाल्यालाच कळेल. त्यानंतर मी त्यांना धारेवर धरलं. कसोट्या, वर्ग, घड्याळ लावून सराव. आठवड्यात त्यांचा वेग असा वाढला की पालक येऊन विचारायला लागले. एका मुलाचे वडील दारातच म्हणाले, "मॅडम, तुमी इथंच काहून नाई राहत?" ते मी सुमनच्या खाटेपाशी जाऊन जसंच्या तसं सांगितलं, तिची पाठ दाबता दाबता.

ती उशीत तोंड घालून म्हणाली, "मंग राहा ना ताई. मले तर बरंच होईल."

सुमनची हीच खोड मला कधी सहन झाली नाही. तिला जळवताच येत नाही. माणसानं इतका खटाटोप करावा आणि समोरच्यानं थोडंही जळू नये, याला काय म्हणावं? आणि पोरं तरी कशी. वेगानं गणितं सोडवायची, माझ्याकडून शाबासकी घ्यायची आणि जाताना हमखास विचारायची, "सुमन मॅडम कवा येतील?"

एका दुपारी दोन बॅचांच्या मध्ये मी स्वयंपाकघरात चहा टाकला होता. आतल्या खोलीत सुमनचा फोन वाजला. तिला पडद्याकडे पाहता येत नव्हतं म्हणून भाऊजींनी तिचे सगळे फोन आपोआप स्पीकरवर लागतील असं करून ठेवलं होतं. ऋचाचा आवाज आला. मी अकोल्याला आहे हे ऋचाला माहीत होतं, पण या वेळी मी वर्गात असते अशी तिची समजूत.

"काकू, कशी आहेस? पालथीच ना अजून?"

"पालथीच. घोरपडीवानी चिकटून पडली."

"तुला एक सांगायचं होतं. माझी मोठी फजिती होता होता वाचली. माझ्या पेपरमध्ये एक चूक होती. सरांनी वाचला, आणखी दोघांनी तपासला, सगळे म्हणाले बरोबर आहे, पाठव. मी पाठवणारच होते. पण मला काही चैन पडेना. पुन्हा पहिल्यापासून बसले तर एक शक्यता तपासायचीच राहिलेली निघाली. तशीच छापली असती तर सगळं कोसळलं असतं."

"मंग काहून चैन पडलं नाई तुले?"

"आईमुळे."

मी गॅस बारीक केला.

"लहानपणी मी आईला उत्तर दाखवलं ना, की ती कधी 'बरोबर' म्हणायचीच नाही. म्हणायची, 'खरं कशावरून?' बरोबर असलं तरी तेच, चुकलं तरी तेच. मला इतका राग यायचा काकू. पण आता मी कामाला बसले की डोक्यात तीच येऊन बसते. सगळे हो म्हणतात आणि ती एकटी म्हणते, कशावरून? तू मला संख्या आवडायला लावल्यास, ते मी सगळ्यांना सांगते. पण खरं सांगू? गणित मी आईकडून शिकले."

मी असं म्हणायचे? मला आठवतही नव्हतं. कसोट्या आठवत होत्या, घड्याळ आठवत होतं, तिच्या हातावर मारलेली पट्टीसुद्धा आठवत होती. हे नव्हतं आठवत.

"मंग हे तिले सांग ना बाई," सुमन म्हणाली. "मले सांगून काय फायदा?"

ऋचा हसली. "तिला सांगितलं तर ती काय म्हणेल माहीत आहे ना? म्हणेल, खरं कशावरून?"

सुमनही उशीतल्या उशीत हसली. दोघी थोडा वेळ औषधांचं बोलल्या आणि फोन बंद झाला. चहा उतू जायला आला होता, तो मी उतरवला, गाळला. तिला पालथं पडून नळीनं प्यावा लागायचा म्हणून तिचा कप निवायला ठेवला आणि मग आत नेला.

"ऐकलं ना ताई?" ती म्हणाली. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, हे बरं होतं.

"ऐकलं."

"जीव थंड झाला ना आता?"

मी नळी तिच्या तोंडाशी धरली. बाहेर दुसऱ्या बॅचची पोरं चपला काढत होती, मला जायचं होतं.

ऋचा माझ्याशी त्यावर अजून बोललेली नाही आणि मीही विषय काढलेला नाही. मला आनंद झाला का? झाला, नाही कशाला म्हणू. एकटी असले की ते वाक्य मी आठवून पाहते. पण आठवलं की आवाज ऋचाचा येतो आणि त्याच्या मागोमाग सुमनचं ते उशीतलं हसू येतं. इतकी वर्षं ज्या एका वाक्यासाठी जळले, ते माझ्या पोरीनं अखेर म्हटलं, आणि म्हटलं ते सुमनला.